आई-वडील आणि दोन लहान मुलांना घेऊन मालदीवच्या रिसॉर्टवर जावं का? वॉटर व्हिला घ्यावा का?

जरूर जा. वॉटर व्हिला मात्र घेऊ नका.

तुम्ही ठाण्याहून लिहिलंय की आईंचे गुडघे दुखतात, वडील पूर्ण शाकाहारी आहेत, थोरला नऊ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची आहे, आणि शेकडो फोटो पाहूनही कुठलं रिसॉर्ट घ्यावं हे ठरत नाहीये. मीही ठाण्याचीच, नौपाड्यात राहते. सासू-सासरे आणि दोन मुलं असं आमचं अख्खं घर मालदीवला जाऊन आलंय, म्हणून तुमच्या घराची कल्पना करणं मला सोपं जातंय.

मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. चहूकडे समुद्र. कोपऱ्यावर मेडिकल नाही, खाली उतरून दूध-बिस्किटं आणता येत नाहीत, हॉटेल आवडलं नाही म्हणून संध्याकाळी दुसरीकडे जेवायलाही जाता येत नाही. म्हणून खोली कशी आहे हे नंतर बघा, आधी बेट निवडा. आणि बेट निवडताना घरातल्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान माणसाला पुढे ठेवा. आपलं मधल्या वयाच्यांचं कुठेही निभावतं.

पहिला मुद्दा विमानतळावरून बेटापर्यंत जाण्याचा. मुंबईहून थेट विमान अडीच-तीन तासांत मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, पोहोचतं. विमानतळ हुलहुले नावाच्या बेटावर आहे आणि बाहेर पडलं की समोरच धक्का. तिथून पुढे स्पीडबोट, सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) किंवा देशांतर्गत विमान. सीप्लेन फोटोत फार सुंदर दिसतं, वरून बेटं दिसतात तीही खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारी, आणि बऱ्याचदा वैमानिक अनवाणी असतात, ते बघून मुलं हरखून जातात. पण ते फक्त उजेडी उडतं. तुमचं विमान दुपारनंतर उशिरा उतरलं तर ती रात्र माले किंवा विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते, तिचा खर्च वेगळा. आत चढायची शिडी अरुंद, आवाज प्रचंड, आणि सामानाची मर्यादाही साध्या विमानापेक्षा कमी. आईंचे गुडघे लक्षात घेता मी नॉर्थ माले किंवा साउथ माले अ‍ॅटॉलमधलं (अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं), स्पीडबोटीनं अर्ध्या-पाऊण तासाच्या आतलं बेट घेईन. बोटीत त्यांना मागच्या बाजूला बसवा, पुढे हादरे जास्त बसतात. आणि बुकिंगच्या आधी रिसॉर्टला विचारा की धक्क्यावर उतरताना पायऱ्या आहेत का, हात द्यायला माणूस असतो का, बेटावर बग्गी फिरते का. मऊ वाळूत चालणं दुखऱ्या गुडघ्यांना सपाट रस्त्यापेक्षा जड जातं, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

आता वॉटर व्हिला. खांबांवर उभी खोली, मागच्या दारातून पायऱ्या थेट पाण्यात. दोघंच असाल तर त्यासारखं सुख नाही. पण चार वर्षांच्या मुलीच्या आईनं तिथं रात्री डोळा कसा लावायचा? बऱ्याच ठिकाणी डेकला कठडा नसतो, आणि म्हणूनच अनेक रिसॉर्ट्स ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथं ठेवतच नाहीत, किंवा जबाबदारी तुमची असं लिहून घेतात. शिवाय त्या खोल्या लांबच लांब लाकडी पुलाच्या टोकाला असतात. आईंना नाश्त्याला यायचं तरी बग्गीची वाट बघावी लागेल. त्याऐवजी शेजारी-शेजारी दोन बीच व्हिला घ्या, किंवा मधे दार असलेला दोन खोल्यांचा फॅमिली व्हिला. दार उघडलं की अंगण, अंगणापुढे वाळू, वाळूपुढे गुडघाभर पाणी. मुलं वाळूत, आजी-आजोबा झाडाखाली, आणि सगळे नजरेच्या टप्प्यात.

ते गुडघाभर पाणीही बघून घ्या, कारण प्रत्येक बेटाला ते सारखं नसतं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत असते, तिला हाउस रीफ म्हणतात, आणि तिच्या आत जे शांत, उथळ पाणी अडून राहतं ते लगून. काही बेटांवर रीफ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असते. पोहणाऱ्यांसाठी ते उत्तम, पण तिच्या पलीकडे तळ एकदम खोल जातो आणि प्रवाहही जोरदार असू शकतो. काही बेटांवर लगून लांबवर पसरलेलं असतं. लहान मुलं आणि पोहता न येणारी माणसं तिथं निर्धास्त डुंबतात, मासे बघायला मात्र बोटीनं जावं लागतं. तुमच्यासाठी मधलं बेट हवं: एका बाजूला रुंद लगून, दुसऱ्या बाजूला जवळ येणारी रीफ. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये उपग्रहाचं चित्र लावून त्या बेटावर झूम करा. फिकट निळा पट्टा म्हणजे उथळ पाणी, तपकिरी कड म्हणजे रीफ, त्यापुढे गडद निळं. जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा हे चित्र जास्त खरं सांगतं.

यावर मी इतकं का लिहितेय ते सांगते. माझ्या सासूबाईंचं माहेर सांगलीकडचं. नदी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली, पण समुद्राशी ओळख लग्न होऊन इकडे आल्यावरची, तीही लांबूनच. गणपती विसर्जनाला गेलं तरी पाऊल भिजेल एवढ्याच पाण्यात त्या उभ्या राहायच्या. तिथं लगूनमध्ये लाट नाही, पाणी कोमट, तळाची वाळू पांढरीशुभ्र आणि पायाची बोटं स्पष्ट दिसतात, म्हणून त्या नातवाचा हात धरून कमरेपर्यंत गेल्या. तेवढ्यात पायाशी हातभर लांबीचे शार्क आले. काळ्या टोकाचे पर असलेल्या शार्कची ती पिल्लं असतात, मोठ्या माशांपासून जीव वाचवायला उथळ पाण्यात राहतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. मला वाटलं आता त्या ओरडणार. त्या जागच्या हलल्या नाहीत. नातवाला म्हणाल्या, "पाय आपटू नको, बिचकतील ती." नंतर मुलाच्या जुन्या मास्कमधून त्यांनी पाण्यात तोंड घालून पाहिलं, वर आल्या, काही न बोलता पुन्हा घातलं. गुडघ्यांचं म्हणाल तर पाण्यात शरीराचा भार हलका होतो, त्यामुळे घरी दोन जिने चढताना थांबणारी बाई तिथं तासन्‌तास पाण्यात उभी होती. सासरे रोज सकाळी पहिला प्रश्न विचारायचे, "आज कुठे जायचं?" आयुष्यभर सहलीला गेलं की सकाळी सहाला बसमध्ये बसून ठिकाणं बघायची त्यांची सवय. तिथं बघायला ठिकाणच नाही. मग ते नातीबरोबर खेकड्यांची बिळं मोजायला लागले आणि रात्री जेवणाआधी आपल्या लहानपणीच्या विहिरीतल्या पोहण्याच्या गोष्टी सांगायला लागले. त्या गोष्टी माझ्या नवऱ्यानंही कधी ऐकलेल्या नव्हत्या. एवढे पैसे घालून एका छोट्या बेटावर घरच्यांना का न्यायचं, याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर हेच आहे.

मुलांना जाण्यापूर्वी तरण तलावावर मास्क लावून श्वास घ्यायची सवय करा, आणि मास्क इथूनच त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचे घेऊन जा. भाड्याचे सैल बसतात, पाणी आत शिरतं आणि मूल घाबरलं की पुन्हा तोंड घालत नाही. लांब बाह्यांचे पोहायचे कपडे घ्या. विषुववृत्ताजवळचं ऊन ढगांतूनही भाजतं. आणि दोघांनाही नीट समजवा की प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापलं आणि मालदीवची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली; काही ठिकाणी ती आता कुठे पुन्हा वाढतायत. पायाखालची पांढरी वाळूही प्रवाळाचीच. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात आणि त्याचा भुगा वाळू होऊन बाहेर टाकतात, एक मोठा मासा वर्षाला शेकडो किलो. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगा, त्याला ते जन्मभर लक्षात राहील. शंख, प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून आणू नका, त्यांवर तिथं बंदी आहे.

खर्चाचं. रिसॉर्टचा हिशोब डॉलरमध्ये असतो आणि दाखवलेल्या दरावर काय काय चढतं हे आधी विचारायला हवं. १० टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे मेनूत १०० डॉलर दिसले तर हातात बिल येतं १२८ डॉलर ७० सेंटचं. शिवाय जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी रोजचा १२ डॉलर ग्रीन टॅक्स. दोन वर्षांखालच्या मुलांना तो नाही, पण तुमची दोघं त्यापेक्षा मोठी आहेत. सहा जण, चार रात्री, म्हणजे २८८ डॉलर नुसते याचेच. म्हणूनच नुसत्या नाश्त्याचं किंवा हाफ बोर्डचं (नाश्ता आणि एक जेवण) बुकिंग घेऊ नका. दुपारी मुलांना भूक लागणारच, आणि सहा जणांचं एकेका वेळचं जेवण वेगळं मांडलं की आकडा फुगतो. फुल बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण, घ्या. ऑल इन्क्लुसिव्हमधला (खाणं-पिणं सगळं धरलेला दर) मोठा भाग दारूचा असतो. घरात कोणी घेत नसेल तर तो खर्च कशाला? टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जाईल, तो आयकर विवरणपत्र भरताना तुमच्या खात्यात धरला जातो, त्याची पावती जपून ठेवा.

वडिलांच्या जेवणाची काळजी वाटते तेवढी नाही. बऱ्याच रिसॉर्टमध्ये भारतीय आचारी असतात आणि वरण-भात, पोळी, भाजी सांगितली की करून देतात. पण आधी ईमेलवर कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. तिथं मासळी मुख्य अन्न आहे, साध्या दिसणाऱ्या रश्शातही ट्यूना असू शकतो, तेव्हा बुफेवर प्रत्येक वेळी विचारून घ्या. चतुर्थी-एकादशी मधे येत असेल तर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, भाजलेले दाणे इथूनच न्या. तिथं साबुदाणा मागून उपयोग नाही.

एक नाजूक गोष्ट, कोणी आधी सांगत नाही. आमच्या सासूबाई प्रवासात छोटा बाळकृष्ण बरोबर नेतात. मालदीवच्या कस्टम्स नियमांत पूजेच्या मूर्ती आणायला मनाई आहे. दारू आणि डुकराचं मांसही नेता येत नाही. आईंना हे निघायच्या दिवशी विमानतळावर सांगू नका, आठवडाभर आधी शांतपणे सांगा. आमच्या बाळकृष्णाची पूजा तेवढे दिवस शेजारच्या काकूंनी केली. सासूबाईंनी रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून विष्णुसहस्रनाम म्हटलं, त्यांना काही कमी पडलं नाही.

कधी जायचं? डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, समुद्र शांत, पाणी नितळ, आणि भाव चढे. नाताळ ते नवं वर्ष टाळा, कारण त्या दिवसांत अनेक रिसॉर्ट्स खास जेवणाचे पैसे सक्तीनं लावतात. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते आणि दर उतरलेले असतात, पण नैर्ऋत्य मोसमी वारे तिथं आपल्या आधी पोहोचतात. पाऊस दिवसभर पडेलच असं नाही, बोट मात्र जास्त हेलकावते. आईंसाठी मी शाळेची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्येच नेईन.

वडिलांना ठिकाणं बघायचीच असतील, बसून राहणं त्यांच्या स्वभावातच नसेल, तर मात्र अंदमान बघा. सेल्युलर जेल आहे, स्वराज द्वीपचा, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकचा, राधानगर किनारा आहे, पासपोर्ट लागत नाही, खर्च बराच कमी आणि हिंदी सगळीकडे चालते. पण तिथं विमान, मग फेरी, मग गाडी अशी चढउतार जास्त. दुखऱ्या गुडघ्यांना मालदीवचं एकच बेट सोपं.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीयांना पोहोचल्यावर पर्यटक व्हिसा विनाशुल्क मिळतो, परतीचं तिकीट आणि बुकिंगची प्रत हाताशी ठेवा. प्रवासाआधीच्या ९६ तासांत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही मोफत आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइट नकली समजा. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, थोरल्याचा आजच काढून बघा. संपत आला असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख मिळायला वेळ लागू शकतो. आई-वडिलांची रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा, आणि विमा घेताना बेटावरून मालेच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का ते वाचून घ्या. बेटावर डॉक्टर राहतो का, हे रिसॉर्टला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. दोन-तीन रिसॉर्ट निवडलीत की त्यांची नावं इथं लिहा, लगून आणि बोटीचं अंतर मी बघून सांगते.