बाबा मॅन्युअल व्हीलचेअरवर आहेत, त्यांना किती जमतं हे कसं तपासायचं?
नुसती हॉलमधे सरळ चालवून बघितली म्हणजे झालं असं नाही नं. कॅनडातल्या डलहौसी युनिव्हर्सिटीची व्हीलचेअर स्किल्स टेस्ट आहे, त्यात मागे घेणं, वळणं, दार उघडून आत जाणं, उतार, उंबरठा, खुर्चीतून पलंगावर सरकणं असं एकेक बघतात, फिजिओवाल्यांना विचारा. दम किती टिकतो त्यासाठी ६ मिनिटात किती मीटर गेले ते मोजायचं. माझ्या बाबांना घरात सगळं जमायचं पण आपल्या नागपूरचा सिमेंट रोड आमच्या फाटकापेक्षा वीतभर उंच, तिथं पुढची छोटी चाकं अडकली की संपलं, म्हणून गेटवरही बघाच. रॅम्प केला तर १ फूट उंचीला १२ फूट लांबी धरा. अन् चढावर मागे कोणीतरी उभं राहा बाप्पा, खुर्ची मागे उलटते.