व्यायामाआधीची ती गोळी

काका, डंबेल उचलायला लागलात, झकास! पण व्यायामाच्या आधी-नंतर 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या जबर गोळ्या घेताय, त्यांचा पुन्हा विचार करा. व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे झटकन प्रतिक्रिया करणारे अस्थिर रेणू, स्नायूला वाढायचा निरोपही देतात; ही जीवनसत्त्वं त्या रेणूंना शमवतात, म्हणून मोठा डोस तोच निरोप दाबू शकतो. नॉर्वेत ६० ते ८१ वयाच्या पुरुषांनी १२ आठवडे वजनं उचलली. रोज १००० मिलिग्रॅम 'क' नि २३५ मिलिग्रॅम 'ई' घेणाऱ्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन १.४ टक्के वाढलं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं ३.९ टक्के. ताकद मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली, हेही सांगतो. आवळा, पेरू खुशाल खा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी असेल, तर त्यांना विचारूनच थांबवा.