नदीच्या मुखाशी सॅमन

प्रश्न: आम्ही पोर्टलंडला असतो, ऑगस्टमध्ये मित्राच्या बोटीतून कोलंबिया नदीच्या मुखाशी सॅमन पकडायला जायचंय. एवढ्या गर्दीत जमेल का? आणि सॅमन म्हणजे आपला रावसच ना?

उत्तर: जमेल हो, पण मुखाजवळच्या अ‍ॅस्टोरिया गावाच्या पुलाजवळ बोटींची नुसती जत्रा असते, म्हणून सगळे ज्या दिशेने गळ ओढत चाललेत त्याच दिशेने हळू चला, आडवं घुसलात की दोऱ्या गुंतल्याच. ओहोटीला मुखावरच्या बारकडे, म्हणजे वाळूच्या उथळ पट्ट्याकडे, अजिबात जाऊ नका, बाहेर जाणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा भिडतात तिथे मोठमोठी जहाजं बुडालीत. कोहो (सॅमनचीच एक जात) लागला तर पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मऊ पर बघा, कापलेला म्हणजे हॅचरीचा, माणसांनी वाढवून सोडलेला; अख्खा असेल तर नैसर्गिक समजून पाण्याबाहेर न काढताच सोडून द्या. रावसाला इंडियन सॅमन म्हणतात खरं, पण कूळ वेगळं.