यांना बोटीनेच अमेरिकेला जायचंय

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. हे ६८ वर्षांचे, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. मुलगा लंडनला, मुलगी न्यू जर्सीत. पुढच्या उन्हाळ्यात दोघांकडे जायचं ठरतंय. व्हिसे आहेत. एरवी लंडनहून न्यूयॉर्कला विमानाने जातो. यंदा यांनी मनात घेतलंय की साउथॅम्प्टनहून ‘क्वीन मेरी २’ या बोटीने जायचं, सात रात्रींचा प्रवास. शाळेत असल्यापासूनची इच्छा आहे म्हणतात. मला वरंधा घाटातसुद्धा उलट्या होतात. पोहता येत नाही. सात दिवस नुसतं पाणी बघत काय करायचं तेही कळत नाही. नणंद म्हणते, एवढे पैसे पाण्यात कशाला घालता? मुलं म्हणतात, आई, बाबांसाठी जा. हे म्हणतात, गेलो तर दोघं, नाहीतर कुणीच नाही, आणि मग दोन-दोन दिवस गप्प बसतात. दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. आता तब्येत चांगली आहे. तरी रात्री यांचं घोरणं थांबलं की मी जागी होते आणि श्वास चालू आहे ना ते बघते. जाऊ की नको, ते तुम्हीच सांगा.
– एक वाचक, पुणे

उत्तर :

प्रिय ताई,

उलट्या, पोहणं, कंटाळा, पैसे ही चार कारणं तुम्ही मांडलीत. पाचवी गोष्ट मात्र कारण म्हणून मांडली नाहीत, जाता जाता लिहून टाकलीत. घोरणं थांबलं की तुम्ही उठून श्वास बघता. मला वाटतं, तुमचा नकार तिथून येतोय. दोन वर्षं तुम्ही रात्रीची राखण करताय. ती आता समुद्राच्या मधोमध करायची, जवळ हॉस्पिटल नाही, ओळखीचा डॉक्टर नाही, मुलं नाहीत, या विचाराने तुमच्या पोटात गोळा येतो. उलट्यांचं कारण चारचौघांत सांगता येतं. ‘मला तुमच्या जिवाची भीती वाटते’ हे नवऱ्याला सांगणं कठीण, कारण ‘मी ठणठणीत आहे’ म्हणून ते विषय संपवतील.

तरी ते सांगावं लागेल, आणि बोटीचा विषय निघायच्या आधी सांगावं लागेल. यांना वाटतंय की बायको घाट लागतो म्हणून आपली आयुष्यभराची हौस मोडतेय. म्हणून ते गप्प बसतात. खरं कारण कळलं तर ते कदाचित चिडतील, पण निदान खऱ्या गोष्टीवर चिडतील.

आता त्या भीतीत तथ्य किती ते पाहू. तथ्य आहे. अशा मोठ्या जहाजावर डॉक्टर आणि नर्स असतात, ईसीजी निघतो, ऑक्सिजन आणि तातडीची औषधं मिळतात. पण तिथे अँजिओप्लास्टी होत नाही. किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंत हेलिकॉप्टर येऊन रुग्णाला उचलू शकतं. अटलांटिकच्या मधल्या पट्ट्यात ते पोचत नाही. तशी वेळ आली तर कप्तान जहाज वळवतो, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सकडे किंवा अझोर बेटांकडे, आणि जहाज कुठे आहे त्यावर पोचायला एक दिवस किंवा त्याहून जास्तही लागू शकतो. विमानातसुद्धा हॉस्पिटल नसतं हे खरं, पण विमान काही तासांत कुठेतरी उतरतं. हा फरक मी तुमच्यापासून लपवणार नाही.

म्हणून हा निर्णय ना तुमचा, ना त्यांचा. तो आधी हृदयरोगतज्ज्ञांचा आहे. दोघं मिळून जा, आणि ‘परदेशी जाऊ का’ असं मोघम विचारू नका. त्याला डॉक्टर ‘जा की’ म्हणतील. नेमकं विचारा, की सलग सात दिवस, त्यातले दोन-तीन दिवस कुठल्याही हॉस्पिटलपासून एक-दोन दिवस दूर राहायचंय, यांच्या हृदयाची आजची स्थिती बघता चालेल का? त्यासाठी स्ट्रेस टेस्ट किंवा टू-डी इको करायला सांगितलं तर करून घ्या. आणि घोरण्याचं नक्की सांगा. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. हृदयाच्या माणसाने त्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं, आणि त्यावर उपचार आहेत. बोटीने जा अथवा न जा, ही तपासणी या महिन्यात व्हायलाच हवी. तुम्ही दोन वर्षं जे अंधारात डोळे उघडे ठेवून करताय, त्यातलं बरंचसं कदाचित एका तपासणीने सुटेल.

डॉक्टर हो म्हणाले, तर माझं मत स्पष्ट आहे. जा.

तुमच्या उलट्यांचा विचार करूनच म्हणते. घाटात होतं ते झटपट वळणांनी. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरंच बघतात, त्याने मळमळतं. ‘क्वीन मेरी २’ हे ३४५ मीटर लांबीचं जहाज आहे, २००४ साली सेवेत आलेलं, आणि मुळात याच वाटेसाठी बांधलेलं. सहलीची बहुतेक जहाजं उन्हाच्या शांत समुद्रांसाठी असतात. याचा पुढचा भाग लांब आणि निमुळता आहे, ते पाण्यात सुमारे १० मीटर खोल बसतं, आणि डोलणं कमी करायला बाजूंना पंख असतात. याचा अर्थ ते हलतच नाही असा नाही. उत्तर अटलांटिक आहे तो. पण हलणं संथ आणि लांब असतं, आणि घाट लागणाऱ्या कितीतरी लोकांना ते सोसतं.

त्यात महिना महत्त्वाचा. जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात शांत. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे चक्रीवादळांचा भर, आणि हिवाळ्यात तर त्या वाटेला पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊच नये. मुलांच्या सुट्ट्यांसाठी तारीख पुढे ढकलू नका. उन्हाळ्याच्या सुरुवातीला न्यूफाउंडलंडच्या बाजूला धुकं असतं आणि जहाजाचा भोंगा ठरावीक वेळाने वाजत राहतो. तो ऐकून घाबरू नका, नियमच आहे तसा.

केबिन घेताना बाल्कनीवर पैसे घालू नका. भर समुद्रात वारा असा असतो की बाल्कनीत बसणं फारसं होत नाही. तेच पैसे खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर, खिडकी असलेल्या केबिनीला द्या. तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं, आणि मळमळलं तर क्षितिजाकडे बघता येतं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी चालेल का, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, रक्तदाबाची वगैरे गोळी चालू असेल तर ती सांगून. गोळीने झोप येते, म्हणून ती आधी एकदा घेऊन बघा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, तासाभराचा प्रवास. तो काही अटलांटिक नव्हे, पण गोळी तुम्हाला कशी मानवते ते कळेल. मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग कमी, आधी घ्यायची. पोटात थोडं कोरडं काहीतरी ठेवा, उपाशी राहू नका, आल्याचा तुकडा जवळ असू द्या. बहुतेकांना पहिले एक-दोन दिवस त्रास होतो, मग शरीर सरावतं.

पोहण्याचा इथे संबंध येत नाही. जीवरक्षक जाकीट कसं घालायचं, कुठल्या जागी जमायचं, हे निघण्याआधी प्रत्येकाला दाखवतात, आणि ते सक्तीचं असतं. १९१२ साली ‘टायटॅनिक’ याच समुद्रात बुडाली, त्यानंतर प्रवाशांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम झाले.

सात दिवस काय करायचं हा प्रश्न मात्र मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचा फरक. पश्चिमेकडे जाताना जहाजावरची घड्याळं पाच रात्री एकेक तास मागे करतात. म्हणजे पाच दिवस २५ तासांचे. झोप पुरी होते, आणि लेकीच्या घरी पोचल्यावर पहाटे तीनला टक्क जागं राहणं नाही. उलट दिशेने गेलात तर तेच तास हातचे जातात, म्हणून लंडनहून न्यूयॉर्क ही तुमची दिशा योग्य आहे. दुपारी पांढऱ्या हातमोज्यांतले वाढपी चहा देतात. व्याख्यानं असतात. समुद्रावरच्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयांपैकी एक या जहाजावर आहे, आणि तारांगणही. सातव्या मजल्यावर जहाजाला पूर्ण वळसा घालणारी चालायची वाट आहे, तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटर होतात. यांचं रोजचं चालणं चुकायचं नाही. आणि एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही : या सात दिवसांत कुणी तुमच्याकडे काही मागत नाही. ना स्वयंपाक, ना दार उघडणं, ना नातवंडांचे डबे. मुलांकडे गेलेल्या आपल्या पिढीच्या बायकांना असे सात दिवस कधी मिळतात?

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, सोय होते. दोनेक संध्याकाळी औपचारिक पोशाख लागतो. त्यासाठी परदेशी कपडे शिवू नका. तुमची पैठणी किंवा नारायणपेठ, आणि त्यांचा बंदगळा, उत्तम. प्रवासी जहाजांवर गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करत आलीत, तेव्हा कोकणी कानावर पडली तर आश्चर्य नको. फोन मात्र पूर्ण प्रवासभर विमान मोडवर ठेवा. जहाजाच्या नेटवर्कवर चुकून एक कॉल लागला तर बिल डोळे फिरवणारं येतं. मुलांशी बोलायला जहाजाचं वायफाय विकत घ्या.

पैशाचं नणंदबाईंना उत्तर द्यायची गरज नाही, पण हिशेब तुमच्याकडे पक्का हवा. तुम्ही बँकेत होतात, तुम्हीच करा. भाड्यात राहणं आणि मुख्य जेवणखाण येतं. रोजचा माणशी सेवाखर्च, वायफाय, दारू आणि जहाजावरच्या डॉक्टरची फी वेगळी धरा. विमा सगळ्यात महत्त्वाचा. पॉलिसीत समुद्रप्रवास आणि आजारी माणसाला हलवण्याचा खर्च दोन्ही स्पष्ट लिहिलेले हवेत, आणि अँजिओप्लास्टी जाहीर केलेली हवी, मग हप्ता वाढला तरी चालेल. ती लपवली तर ऐनवेळी दावा नाकारला जातो. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचा तपशील, ताज्या ईसीजीची प्रत आणि सगळ्या औषधांचा दुप्पट साठा हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर आपल्या हातून जातात आणि केबिनीत उशिरा येतात.

मराठी बायकांना ही वाट अगदीच अनोळखी नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी १८ वर्षांच्या असताना, नवरा बरोबर नसताना, कलकत्त्याहून निघून न्यूयॉर्कला पोचल्या. १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या, तेही हिवाळ्यात. त्यांच्या धैर्याशी तुमची तुलना करून तुम्हाला लाजवायचं म्हणून हे लिहीत नाही. त्यांना दुसरा रस्ता नव्हता, तुम्हाला आहे. विमान आहे. म्हणून तुमच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला सारखाच मान मिळाला पाहिजे.

आणि म्हणूनच यांच्या एका वाक्याशी माझं भांडण आहे. ‘गेलो तर दोघं, नाहीतर कुणीच नाही.’ ऐकायला प्रेमाचं वाटतं, पण त्याने सगळं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. तुम्ही नाही म्हणालात की त्यांची इच्छा तुम्ही मारली असं होतं. त्यांना सांगा की ही अट आधी काढून घ्या, मग मी विचार करते. डॉक्टरांची परवानगी असेल आणि तरीही तुमचं मन धजावलं नाही, तर मुलाने बाबांबरोबर बोटीने जावं. तो लंडनलाच आहे, आणि ‘बाबांसाठी जा’ हा सल्ला द्यायला तो पुढे होता, तेव्हा आठवड्याची रजा त्याने काढावी. तुम्ही विमानाने लेकीकडे आधी पोचा. त्यांना एकटं मात्र पाठवू नका. तुमचा जीव थाऱ्यावर राहणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

डॉक्टर नाही म्हणाले, तर तिथे ‘पण’ लावायचा नाही, त्यांनीही नाही आणि मुलांनीही नाही. अशा वेळी साउथॅम्प्टनहून नॉर्वेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या सफरी असतात. त्यात दर एक-दोन दिवसांनी बंदर लागतं, किनारा फार दूर जात नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागेल, आणि डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागेल. अटलांटिकची जागा त्याने भरून निघणार नाही. ज्या माणसाने शाळेच्या बाकावरून एक स्वप्न पाहिलं त्याला याचं वाईट वाटेल, आणि ते वाटू द्या. त्यांची समजूत काढायची घाई करू नका.

पहिलं काम मात्र डॉक्टरांची वेळ घेण्याचं. ती घ्या, आणि आत जाताना घोरण्याचं तुम्ही स्वतः सांगा, त्यांच्यावर सोडू नका.

तुमची,
ताई