इंजिनियर कोरमधून लष्करप्रमुख होता येतं का? पांडे साहेबांची वाट आणि आमचं खडकी-दापोडी

कळव्याच्या ताईंनी विचारलंय, मुलगा अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास चालू आहे, फौजेत जायचंय पण इंजिनियरिंगही सोडायचं नाही. नातेवाइकांचं म्हणणं, इंजिनियर कोर म्हणजे रस्ते आणि पूल. वर चढायचं तर इन्फंट्रीच, म्हणजे पायदळच हवं. मी बॉम्बे सॅपर्समधून (इंजिनियर कोरचा खडकीचा ग्रुप; सॅपर म्हणजे फौजेतला इंजिनियर) सुभेदार म्हणून निवृत्त झालो, सध्या ऐरोलीत असतो. जरा सविस्तर लिहितो.

ताई, नातेवाईक अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. इंजिनियर्सचा एकही अधिकारी कधी लष्करप्रमुख झाला नव्हता. 30 एप्रिल 2022 ला जनरल मनोज पांडे झाले. नागपूरचे, आणि आमच्या बॉम्बे सॅपर्सचे! म्हणजे वाट आहे, पण इतकी वर्षं कुणी तिच्या टोकापर्यंत पोचलं नव्हतं.

पांडे साहेब खडकवासल्याची एनडीए आणि डेहराडूनची आयएमए (अधिकारी घडवणाऱ्या लष्करी अकादमी) करून डिसेंबर 1982 मध्ये कमिशन झाले. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम झालं, म्हणजे सीमेवर फौज उभी केली, तेव्हा जम्मूकडच्या पल्लनवाला भागात 117 इंजिनियर रेजिमेंट त्यांच्या हाताखाली होती. त्या काळात सीमेवर सॅपर्सचं मुख्य काम सुरुंगांचं. पेरणं एक वेळ सोपं. प्रत्येकाची नोंद ठेवून ते सगळे परत काढणं, तेही पावसात माती सरकल्यावर, यात माणसाचा कस लागतो. पुढे इथिओपिया-एरिट्रियात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत ते चीफ इंजिनियर होते.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र यानंतर येतं. त्यांनी इंजिनियर ब्रिगेड सांभाळलीच, पण ताबारेषेवरची इन्फंट्री ब्रिगेडही सांभाळली. मग लडाखमध्ये माउंटन डिव्हिजन, तेजपूरची कोर (ही कोर म्हणजे अनेक डिव्हिजनची मोठी फौज), अंदमान-निकोबार कमांड, पूर्व कमांड, उपप्रमुख. सॅपर म्हणून सुरुवात झाली तरी वरच्या पदांवर सगळ्या प्रकारच्या पलटणी हाताखाली येतात, आणि ते तुम्हाला जमतं हे ब्रिगेडियरच्या पातळीवरच दाखवावं लागतं. नातेवाइकांना हे सांगा.

लेफ्टनंट कर्नलपर्यंत बढती साधारण सेवेच्या वर्षांवर मिळते, तेरा वर्षांत. पुढे कर्नलपासून सिलेक्शन बोर्ड, आणि तिथून चाळणी बारीक होत जाते. चांगले चांगले अधिकारी तिथे थांबतात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण सिव्हिलमधल्या लोकांना हे कळत नाही.

आणि जन्मतारीख! यावर फार कुणी बोलत नाही. लेफ्टनंट जनरल साठीला निवृत्त होतो, प्रमुख बासष्टला किंवा तीन वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. पांडे साहेबांचा जन्म 6 मे 1962 चा, म्हणजे मे 2022 मध्ये साठ पूर्ण. आधीचे प्रमुख जनरल मनोज नरवणे, पुण्याचे, शीख लाइट इन्फंट्रीचे, त्यांना 22 एप्रिल 2022 ला बासष्ट झाली आणि ते 30 एप्रिलला उतरले. महिनाभर इकडेतिकडे झालं असतं तर पांडे साहेब उपप्रमुख म्हणूनच घरी गेले असते. (दोघांच्याही आई आकाशवाणीवर निवेदिका, एक पुण्याला, एक नागपूरला. नुसता योगायोग, पण मला गंमत वाटते.)

आता ट्रेनिंगच्या जागेबद्दल. ठाण्याहून रेल्वेने पुण्याला जाताना कासारवाडीनंतर दापोडी आणि खडकी लागतात. दापोडीला सीएमई, कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनियरिंग. एनडीएतून इंजिनियर्समध्ये आलेले अधिकारी बी.टेक. तिथेच करतात. खडकीला आमचं बॉम्बे इंजिनियर ग्रुपचं सेंटर, जिथे जवान घडतो: ड्रिल आणि हत्यार, आणि त्याबरोबर सुतारकाम, गवंडीकाम, पूल जोडणं, सुरुंग. बॉम्बे सॅपर्सचा इतिहास 1820 पासूनचा. परमवीर चक्र मिळवणारे रामा राघोबा राणे 1940 मध्ये इथे शिपाई म्हणून भरती झाले होते. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. चांदवडकडचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला नौकानयनात उतरला, तोही आमचाच.

रस्ते-पूल म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एकदा आंबिवली स्टेशन दाखवा. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आताचं प्रभादेवी) चेंगराचेंगरीनंतर तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला पादचारी पूल लष्कराच्या इंजिनियर्सनीच उभे केले, फेब्रुवारी 2018 मध्ये खुले झाले.

तुमच्या मुलासाठी दोन रस्ते सरळ आहेत. एक एनडीए: यूपीएससीची लेखी, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. पण तिथून इंजिनियर्सच मिळतील याची हमी नाही. आयएमएत पसंती विचारतात, मात्र जागा आणि गुणांचा क्रमही बघतात. दुसरा टेक्निकल एंट्री स्कीम: बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) किमान 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली हवी, वेगळी लेखी नाही, थेट एसएसबी. जेईईचा क्लास चालूच आहे, तर दुसऱ्याची तयारी आपोआप होतेय. माझं मत विचाराल तर दोन्ही अर्ज भरा. एनडीएची गणिताची पातळी त्याला जड जाणार नाही. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान मात्र आत्तापासून रोज.

एसएसबीसाठी खारघर-वाशीकडे बरेच क्लास निघालेत. पैसे भरायच्या आधी मला मेसेज करा.