नळ आले, रस्ता झाला, तरी जुलाब का?

प्रश्न : आमच्या वस्तीत घरोघर नळ आले, गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. पाणी मात्र आठव्या दिवशी येतं. जुलाब थांबले नाहीत आणि वरून डेंग्यू. असं का? (एक वाचक, जालना)

उत्तर : आठ दिवस पाइप रिकामा पडतो, तिथंच गडबड होते. आत दाब नसला की गटारीतून गेलेल्या जोडणीच्या ढिल्या सांध्यातून घाण झिरपते. पाणी सुटल्यावर टिल्लू मोटार लावली, की ती गटारीचं पाणीही ओढून घेते. एकाच रांगेतल्या चार-पाच घरांत जुलाब असतील, तर आधी त्या जोडण्या उकरा. पाइप गटारीच्या वरून न्या. सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या आणि शेवटच्या घरच्या नळावर ओ.टी. टेस्ट करायला लावा; पाण्यात क्लोरीन असलं की थेंब टाकल्यावर पिवळा रंग येतो. टाकीजवळ पिवळा रंग येणारच. क्लोरीन संपतं ते टोकाला.

२०० लिटरच्या ड्रमला अर्धा ते एक ग्रॅम टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पुरते. ती वाटीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी ओता. अर्ध्या तासाने पाणी प्या. उघडी राहिलेली, ओल लागलेली पावडर निकामी समजा.

आता डेंग्यू. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणजे तुमच्या पाण्याची पाळी डासाला सोयीचीच. ‘आठवड्याला कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करा’ हा सल्ला इथं कुणाला परवडणार? त्यापेक्षा एका वेळी एकच ड्रम वापरायला काढा आणि रिकामा झाला की काथ्याने आतून खसाखसा घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने तगतात, नुसतं विसळून निघत नाहीत. बाकीच्या ड्रमांवर सुती कापड ताणून दोरीने आवळा. पत्र्याच्या झाकणाला फट राहतेच.

प्रश्न : हाताशी थोडे पैसे आहेत. घरात मातीची जमीन आहे. आधी पत्रे बदलू की कोबा करू? (एक वाचक, परभणी)

उत्तर : पत्रे गळत नसतील तर कोबा. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात मातीच्या जमिनीवर सिमेंट घातल्यावर लहान मुलांतले जंत सुमारे ७८ टक्क्यांनी घटले, जुलाब निम्म्यावर आले. मुरूम चांगला धुमसा, उतार मोरीकडे ठेवा, सात दिवस पाणी मारा. गल्लीतला रस्ता उंबऱ्यापेक्षा उंच होणार असेल, तर आधी जोतं वाढवा. नाहीतर पहिल्याच पावसात गटार घरात येईल.