वाचकांचे प्रश्न: मधला खांब जास्त भार काहून घेते?

प्रश्न: ताई, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातला, सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाले हाव. दोन गाळ्यांच्या (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर) सलग बीमवर सारखा भार असला तर खांबांवर एका गाळ्याच्या भाराचा अर्धा-पूर्ण-अर्धा असाच यायले पाहिजे न? उत्तर वेगळंच येते. मी नुसती सूत्रं पाठ करून रायलो.

उत्तर: अरे, प्रश्न लई चांगला विचारला तू. तू म्हणते तसं होते, पण बीम मधल्या खांबावर तुटलेला, म्हणजे दोन वेगळे बीम असले तरच. सलग असला की नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी भागत नाही, खांब तीन अन् कामाची समीकरणं दोनच, मग तिसरं बीमच्या वाकण्यातून आणावं लागते.

गाळा ४ मीटर, भार मीटरमागे १० किलोन्यूटन धर. मधला खांब काढून टाक, आता ८ मीटरचा साधा बीम मधोमध किती लवते ते काढ, अन् तेवढाच परत वर उचलायले खालून किती जोर लागन ते पाह्य. ५० किलोन्यूटन येते. म्हणजे टोकाच्या खांबांवर १५-१५ च, तुझ्या हिशोबानं २०-४०-२० आलं असतं. मधल्या खांबावर बीमची वरची बाजू ताणली जाते, मोमेंट (बीम वाकवण्याचं माप) २० किलोन्यूटन-मीटर, म्हणून तिथं सळई वरून पाहिजे. गावात स्लॅबचं काम चालू असन तर हे नक्की पाह्य.

मोमेंट डिस्ट्रिब्युशन, म्हणजे सलग बीमचे मोमेंट टप्प्याटप्प्यानं वाटून काढायची रीत, जी अमेरिकन इंजिनिअर हार्डी क्रॉसनं १९३० मध्ये छापली, ती यानंतर घे. आधी प्रत्येक गणितात बीम कसा वाकन ते हातानं काढत जाय, आकडे मागून.